पन्नासच्या तीन लेन्स

सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन लेन्स घेऊन माणसं माझ्याकडे यायची आणि विचारायची, "यातली कोणती ठेवू आणि कोणती विकू?" सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत लेन्सदुरुस्तीच्या बरोबरीने हा सल्ल्याचा धंदा चालायचा, आणि सल्ला फुकट असल्यामुळे तो जरा जास्तच चालायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं. शेवटचा फोटो जिने काढलात ती ठेवा. जी कपाटात शोधावी लागली ती विका.

"आणि दोन्ही शोधाव्या लागल्या असतील तर?" एका निवृत्त प्राध्यापकांनी एकदा विचारलं.

"मग दोन्ही विका. जमलं तर कपाटही विका."

ते रागावले नाहीत. पुढे आणखी दोन गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवली. आमच्या भागात दुकानदार फटकून बोलला की माणसाला दुकान खात्रीचं वाटतं.

यंदा उन्हाळ्यात हाच प्रश्न माझ्यापुढे आला. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, खोली रिकामी करायची होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी जागा शोधायची मला हौस नव्हती. राहायला आम्ही वारज्याला. तिथल्या दोन खोल्यांत माझी दुरुस्तीची हत्यारं मावली असती, पण मग आम्हाला बाहेर झोपावं लागलं असतं. म्हणून विकायला काढलं. दिवे गेले, तिपाया गेल्या, कॅमेरे गेले. लेन्सही एकेक करून गेल्या, आणि प्रत्येक वेळी निर्णयाला मला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. अडकले ते पन्नासच्या तीन लेन्सवर.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. 'पन्नासची' म्हणजे पन्नास मिलिमीटरची लेन्स. फार लांबचं जवळ आणत नाही, फार जागा कवेत घेत नाही. साधारण आपण समोरच्या माणसाकडे बघतो तसं बघते. फिल्मच्या काळात कॅमेऱ्याबरोबर बहुतेक हीच यायची, म्हणून तिची कोणाला किंमत नसायची. घरातल्या रोजच्या पातेल्याला नसते तशी. माझ्याकडच्या तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या. टेबलावर ओळीने ठेवल्या तर माझा नवरा म्हणतो, "तिळी भावंडं आहेत. एक ठेव, दोन दे." त्याचं आयुष्य बँकेत गेलं. सारख्या दिसणाऱ्या वस्तू त्याला सारख्याच वाटतात.

यातल्या दोन आम्ही विकत घेतल्या होत्या. आम्ही म्हणजे मी आणि नंदा.

दुरुस्तीत मी नंतर पडले. आधी मी आणि नंदा मिळून फोटो काढायचो. लेडी फोटोग्राफर हवी अशी तेव्हा पुष्कळ घरांची मागणी असे, आणि आम्ही दोघी होतो. डोहाळजेवणं, बारशी, मंगळागौरी. पण खरा धंदा होता स्थळांना पाठवायच्या फोटोंचा. मुलगी, तिची आई आणि एक मावशी असा ताफा यायचा. सोबत दोन साड्या, एक पंजाबी ड्रेस आणि मुलीचा पडलेला चेहरा.

तो चेहरा सरळ करणं हे नंदाचं काम. ती उंच, आवाज भरड, आणि कोणाचीही भीड नसलेली. कॅमेरा डोळ्याला लावूनच ती मुलीशी बोलायला लागे. "कुठल्या कॉलेजात गं? कँटीन बरंय का? सामोशात बटाटा असतो की नुसता वाटाणा?" मुलगी सामोशाबद्दल तावातावाने बोलायला लागली की आईला आणि मावशीला विसरायची. नंदा समोरून फोटो काढत असे. मी बाजूला, खिडकीच्या अंगाला उभी राहून काढत असे. माझ्याकडे मुलीचं लक्षच नसायचं, आणि तेच हवं असायचं. समोरचे फोटो आईला आवडत, बाजूचे मुलीला. आम्ही दोन्ही देत असू.

सुरुवातीला आमच्या लेन्स वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. त्याचं काही बिघडेल असं वाटलं नव्हतं, आणि मग एक दिवस एक आई तरातरा जिना चढून आली. मुलाकडच्यांनी फोटो परत पाठवले होते. वर निरोप होता की मोठी मुलगी पसंत आहे, धाकटी दाखवू नका. तिला मुलगी एकच होती. नंदाच्या लेन्सने मुलगी गोरी आली होती आणि माझ्या लेन्सने सावळी. शेजारी ठेवले तर दोन बहिणी.

"आता मी त्यांना काय सांगू?" आई म्हणाली.

"सांगा, दोघींना एकाच मांडवात उजवणार आहोत," नंदा म्हणाली.

आई खरोखर चिडली, पण मुलगी इतकी हसली की त्या हसण्याचा एक फोटो मी पटकन काढून घेतला. पुढे तिचं लग्न त्या फोटोवर ठरलं, भलत्याच घरी. आम्ही मात्र धडा घेतला. प्रत्येक काचेचा आणि तिच्यावर दिलेल्या लेपाचा स्वतःचा एक रंग असतो. एक काच थंड दाखवते, दुसरी उबदार. एकटीने बघितलं तर ते कळत नाही, शेजारी ठेवलं की कळतं. दोघींनी एकाच मुलीचे फोटो काढायचे तर लेन्स जुळ्या हव्यात. म्हणून आम्ही रास्ता पेठेतल्या एका दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मालातल्या दोन पन्नासच्या घेतल्या.

तेव्हापासून माझं-तुझं राहिलं नाही. दोन्ही एकाच बॅगेत असत. फरक एकच होता, आणि तोही मीच करून घेतला होता. लेन्सवर एक कडं असतं, ते फिरवून फोकस करतात. आतल्या आट्यांना ग्रीस असतं. जाड ग्रीस घातलं की कडं घट्ट फिरतं, पातळ घातलं की सैल. मला सैल आवडायचं, बोटाने ढकललं की फिरणारं. नंदाला घट्ट. "सैल कड्याने माझा हात चळतो," ती म्हणायची. ग्रीस भरायला शिकल्यावर मी एकीत जाड घातलं, दुसरीत पातळ. बॅगेत न बघता हात घालायचा, कडं जरा फिरवायचं आणि आपली उचलायची. लेन्सवर कोरलेले नंबर कधी बघितले नाहीत, लिहूनही ठेवले नाहीत. त्याची गरज नव्हती.

नंदाचं लग्न झालं नव्हतं. डोहाळजेवणाला गेलं की तिथली कोणीतरी बाई माझी चौकशी पुरी करून तिच्याकडे वळायची. "तुमचं काय मग?"

"मी फोटो काढते, काढून घेत नाही," नंदा सांगायची आणि रोल बदलायला लागायची.

एका घरी मात्र तिला हे उत्तर देता आलं नाही. सगळ्या बायकांची ओटी भरत भरत यजमानीणबाई आमच्यापर्यंत आल्या, माझी भरली, आणि नंदाच्या मोकळ्या गळ्याकडे बघून क्षणभर थांबल्या. काय करावं हे त्यांना सुचेना. तेवढ्यात ज्या मुलीचं डोहाळजेवण होतं ती झोपाळ्यावरूनच म्हणाली, "आई, त्यांना नारळ नको, बर्फी दे. त्या सकाळपासून उभ्या आहेत." नंदाने दोन बर्फ्या खाल्ल्या. त्या मुलीचे तिने त्या दिवशी जितके फोटो काढले तितके कोणाचेच काढले नसतील. पैसे ठरले होते एका रोलचे.

पुढे मोबाइल आले आणि मुली आपले फोटो आपणच काढायला लागल्या. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, त्यांचे त्या चांगले काढतात. नंदा बारशी वगैरे घेत राहिली. मी दुरुस्तीत शिरले. हात आधीपासून बसलेला होता, आणि दुरुस्तीला गिऱ्हाईक हसवावं लागत नाही, हा मोठा फायदा.

दुरुस्तीचं काम म्हणजे बहुतांशी फंगस. लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते. पावसाळ्यात हवा दमट, लेन्स बंद कपाटात, कपाटात चामड्याची पिशवी, आणि पिशवी ओलावा धरून बसलेली. दोन-चार पावसाळ्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. वेळेवर आणली तर पुसून निघतं. उशीर झाला तर काचेवर वळ राहतात आणि ते कधीच जात नाहीत. इलाज साधा आहे. लेन्स वापरा. उजेड आणि वारा लागत राहिला की बुरशी धरत नाही. पण माणसं ज्या वस्तूवर जीव असतो तीच कडीकुलपात ठेवतात, आणि मग बुरशी धरलेली घेऊन येतात. एकांनी कोणाचं तरी ऐकून लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली होती, ओलावा शोषतो म्हणून. उघडली तर काचांच्या मधे तांदळाची पिठी.

"कुठला तांदूळ?" मी विचारलं.

"आंबेमोहोर," ते अभिमानाने म्हणाले.

तिसरी पन्नासची याच काळात आली. सुट्या भागांसाठी म्हणून जुन्या बाजारातून उचलली होती. नाव तेच, आकार तोच, पण आधीच्या तुकडीतली. त्या तुकडीत कंपनी एक वेगळी काच वापरायची. ती काच फार चांगली, पण अंधारात पडून राहिली की आतून पिवळी पडते. ही तर फिक्या चहाच्या रंगाची झाली होती. तिचे दोन-चार स्क्रू मी वापरले आणि तिला कपाटात मागे सारून ठेवली.

नंदा आजारी पडली तेव्हा जोडीतल्या दोन्ही लेन्स माझ्याकडे होत्या, सफाईसाठी. पोटात दुखतंय म्हणून ती डॉक्टरांकडे गेली, आणि पावसाळा संपायच्या आत सगळं संपलं. हॉस्पिटलात मी रोज जात असे. ती कामाचं बोलायची. अमक्या बाईचा अल्बम द्यायचा राहिलाय, तमकीच्या बारशाला दुसरं कोणी बघ. एकदा म्हणाली, "अलके, लेन्स झाल्या का साफ?" मी म्हटलं, "घाई आहे का?" ती म्हणाली, "मला कुठली आलीय घाई." त्यानंतर मी दोन्ही लेन्स एका डब्यात घातल्या, ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा खणात ठेवला. गिऱ्हाइकांना वापरा, वापरा म्हणून बजावणाऱ्या बाईने स्वतःचा तो खण काही वर्षं उघडला नाही.

यंदा उघडला, कारण खणही विकायचा होता.

फंगस नव्हतं. मी पहिली लेन्स हातात घेतली आणि कडं फिरवलं. घट्ट. म्हणजे ही नंदाची. बरं वाटलं. चला, एक प्रश्न मिटला, ही ठेवायची. मग दुसरी उचलली. तीही तितकीच घट्ट.

पडून राहिलं की ग्रीस वाळतं. जाड असो, पातळ असो, आट्यांत मेणासारखं बसतं. हे मला माहीत नसायचं कारण नव्हतं, शेकडो लेन्समधलं असलं ग्रीस मी खरवडून काढलं आहे. तरी त्या दोन लेन्स डाव्या-उजव्या हातात धरून मी बराच वेळ दोन्ही कडी फिरवत बसले, कुठेतरी एक जरा कमी घट्ट लागेल म्हणून. नाही लागलं.

त्याच आठवड्यात वैभवचा फोन आला. हा यवतमाळकडचा, तिशीचा, हडपसरला राहणारा. कंपनीतली नोकरी सोडून त्याने एक वेगळंच काम काढलं आहे. परदेशात असलेल्या मुलांसाठी तो त्यांच्या इथल्या आईवडिलांच्या गप्पा चित्रित करतो. नवरा-बायकोला, नाहीतर दोन बहिणींना, नाहीतर जुन्या मित्रांना समोरासमोर बसवायचं, दोन कॅमेरे लावायचे, एक याच्यावर, एक त्याच्यावर, आणि बोलू द्यायचं. पुण्यात या धंद्याला मरण नाही.

"काकू, मला पन्नासच्या दोन पाहिजे. एकसारख्या," तो आल्या आल्या म्हणाला.

"नव्या घे की. दुकानात डझनाने मिळतील."

"नव्या लेन्सनं सुरकुती न् सुरकुती दिसते काकू. मी त्यांना स्क्रीनवर दाखवतो ना, तर ते बोलणंच बंद करते. एक आजी म्हणाल्या, बाबा, हे माझं मरणाचं सर्टिफिकेट आहे का? जुन्या काचेतून चेहरा मऊ येते."

हे बरोबर होतं. मुलगा कामाचा आहे हे मला तेव्हाच कळलं. मी तिन्ही त्याच्यापुढे ठेवल्या.

"तीन आहे? मग काय टेन्शन आहे? दोन मला द्या, एक तुम्ही ठेवून घ्या."

नवऱ्याचंच गणित. पण गणितात एक अडचण होती. जुळ्या त्या दोनच. त्या दोन्ही दिल्या तर माझ्याकडे उरणार ती जुन्या बाजारातली पिवळी. आणि जोडीतली एक ठेवून पिवळी त्याला द्यावी, तर दोन माणसं दोन रंगांत दिसणार. मी त्याला म्हटलं, "महिनाभर थांब. पिवळी दुरुस्त करून देते."

ही दुरुस्ती हत्याराने होत नाही. अंधारात पिवळी पडलेली ती काच उन्हात ठेवली की पुन्हा निवळते. वारज्याच्या आमच्या गॅलरीत दुपारचं ऊन तिरपं येतं. तिथे मी सांडगे वाळत घातले होते, त्यांच्या शेजारी चांदीच्या कागदावर लेन्स ठेवली. समोरच्या गॅलरीतल्या कुलकर्णीकाकू दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अलकाताई, ते काय वाळत घातलंय?"

"लेन्स आहे."

"कीड लागली का?"

"नाही, पिवळी पडलीय. उन्हाने पांढरी होते."

त्यांनी जरा विचार केला. "मग आमच्या ह्यांनाही ठेवा थोडा वेळ. दात बघवत नाहीत."

लेन्स उन्हात ठेवताना एक पथ्य असतं. काचेतून गोळा झालेलं ऊन जाळतं, म्हणून मागचं तोंड झाकून ठेवावं लागतं. एकदा वाऱ्याने चांदीचा कागद उडाला, लेन्स कलंडली आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पडलं. नवरा वास घेत बाहेर आला. "घर पेटवायचं असेल तर काडेपेटी आहे आपल्याकडे," म्हणाला, आणि लेन्स स्वतःच सरळ करून ठेवून गेला. मी कशासाठी हे करते आहे ते त्याला मी सांगितलं नव्हतं. त्याला कळलं असावं. नंतर ढग आले की तो मला आतून सांगायचा, "तुझं ऊन गेलं बघ."

मी रोज संध्याकाळी पांढऱ्या कागदावर लेन्स धरून बघायची. चहाचा रंग लिंबाच्या सरबतावर आला, मग सरबत पातळ झालं. मला जोडीतली एक लेन्स हवी होती, एवढंच माझं म्हणणं होतं. ती नंदाची निघेल की माझी, याचा मी विचार करत नव्हते. म्हणजे, करत होते. पण दोन्हींपैकी एक हाताशी राहिली असती तर निदान ही नंदाचीही असू शकते असं म्हणता आलं असतं. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे व्हायला हवं होतं.

जोडीतली एक मी उघडली, वाळलेलं ग्रीस काढलं, नवं भरलं. पिवळीलाही तसंच केलं, दोन्ही कडी सारखी फिरू लागली. जोडीतली दुसरी उघडायला मात्र घेतली नाही. ती तशीच घट्ट ठेवून दिली.

खोलीच्या शेवटच्या आठवड्यात वैभव दोन कॅमेरे घेऊन आला. खोलीत तेव्हा टेबल, दोन खुर्च्या आणि मागचा निळा पडदा एवढंच उरलं होतं. त्याने मधे एकेक जोडकडं लावून दोन्ही लेन्स आपल्या नव्या कॅमेऱ्यांवर चढवल्या. जोडीतली एक, आणि उन्हातून आलेली एक. खुर्च्या समोरासमोर मांडल्या.

"काकू, तुम्ही इकडं बसा. तिकडं कोणी नाही, पण चालते. आपल्याला काचच पाहायची आहे. फक्त समोर पाहून बोला काहीतरी."

"खुर्चीशी काय बोलू?"

"काहीबी. घरचं बोला. माणूस बोलताना जसा दिसते तसं पाहिजे मला."

मी बसले. समोर लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर खिडकीचा उजेड. मी म्हटलं, जागा सोडायची आहे. दिवे विकले, चांगले गेले. तिपाया त्या वाकड्या पायाच्या तिपाईसकट गेल्या, घेणाऱ्याने बघितलंच नाही. टेबल उद्या नेतील. पडदा कोणी घेत नाहीये. निळा रंग आता कोणाला नको असतो म्हणे. मी तेव्हाच सांगत होते राखी घे, पण तुझा हट्ट, निळ्यावर मुली उठून दिसतात. दिसायच्या, ते खरं आहे. आता तो घरी नेऊन काय करू ते तूच सांग.

मग मी थांबले. वैभव कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघत होता.

"मस्त बोलता काकू," तो म्हणाला.

त्याने दोन्ही चित्रं एका स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली. डावीकडे मी, उजवीकडे खुर्ची. मी चष्मा लावून जवळ गेले. एकच खिडकी, एकच वेळ. पण माझ्यावर सकाळ होती आणि खुर्चीवर दुपार कलली होती. फार नाही, किंचित. मी इथे बसले आहे आणि ती खुर्ची दुसऱ्याच कुठल्या दिवशीची आहे, असं दिसत होतं.

"थोडं येलो आहे," वैभव म्हणाला. "मी ते कॉम्प्युटरवर काढून घेतो. कोणाला समजत नाही काकू. तुमची एक तुम्ही ठेवा."

त्याची काही तक्रार नव्हती. मी नुसतं बरं म्हटलं असतं तर काम संपलं असतं. मी स्क्रीनकडे बघितलं, उठले आणि पर्समधून जोडीतली दुसरी काढली.

"ती तर तुम्ही ठेवणार होत्या."

"लाव."

त्याने पिवळी उतरवून ती लावली, कडं फिरवून बघितलं. "ही लई घट्ट आहे."

"ग्रीस बदलून देऊ?"

"राहू द्या. बसलेला माणूस कुठं हलते." त्याने स्क्रीन माझ्या दिशेने वळवून ठेवली. "बसा पुन्हा तुमच्या जागेवर."

मी बसले. स्क्रीनवर डावीकडे मी, उजवीकडे खुर्ची. खिडकीचा उजेड माझ्या खांद्यावर जसा पडला होता तसाच खुर्चीच्या पाठीवर पडला होता. निळा पडदा दोन्हीकडे एकाच निळ्याचा होता.

"आता कसं," वैभव हळूच म्हणाला, "आता एका वेळेस बसल्यासारखं वाटून राहिलं."

"हो. दोन्ही घेऊन जा."

"नक्की ना काकू? पिवळी तुम्हाला राहते मग."

"राहू दे. कपाटात ठेवली की खराब होतात रे या. तुझ्याकडे रोज माणसं बघतील."

त्याने मान हलवली. लेन्सची झाकणं शोधली, बॅग उघडली, आणि कॅमेऱ्याकडे हात नेला. मी अजून खुर्चीतच होते, समोरची खुर्ची समोर होती.

"बंद करू?" त्याने विचारलं.

"थोडा वेळ चालू राहू दे," मी म्हटलं.